लग्नाच्या गाडीतले दोन काटे

निवृत्त झाल्यावर काही लोक देवधर्माला लागतात, आमचे हे एका जुन्या मोटारीला लागले. ती वयाने माझ्याएवढीच होती, पण तिला 'क्लासिक' म्हणायची पद्धत आहे. रोह्याजवळ वरसे गावात आमच्या घरी ती पोर्चमध्ये आली आणि माझी स्कूटर रस्त्यावर गेली.

गाडी देखणी होती, नाही म्हणणार नाही. दोष एवढाच, की डॅशबोर्डवरचे दोन काटे खोटं बोलायचे. पेट्रोल तळाला गेलं असलं तरी एक काटा ऐटीत मध्यावर उभा. दुसरा तापमानाचा, इंजिन धड गरमही झालेलं नसताना तो वर चढून बसायचा. यांनी जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. ग्रुपवर बहुतेक निवृत्त साहेब, त्यामुळे उत्तरं लगेच आली आणि प्रत्येक उत्तर वेगळं आलं. एकाने टाकीतला पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट बदलायला सांगितला, तो बदलला. दुसऱ्याने इंजिनाचा सेन्सर, तोही बदलला. तिसऱ्याने मीटरच नवे मागवायला लावले. नवे मीटर आले आणि तेही तेच खोटं बोलू लागले. तेव्हा यांनी जाहीर केलं, "जुन्या गाडीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो." माझ्या स्वभावावर यांनी इतका विचार कधी केल्याचं मला आठवत नाही.

माझी पुतणी इथल्याच एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. मापकं खरं सांगतात की नाही हे बघायचं, हेच तिचं काम. पण तिला विचारावं असं यांना सुचलं नाही. ती घरातली मुलगी, ग्रुपवर थोडीच होती!

तिचं लग्न रोह्याला झालं. सासर पेणचं. पाठवणी आपल्याच गाडीतून होणार, असा यांचा हट्ट. दुपारी निघालो. हे गाडी चालवायला, शेजारी मी. मागे नवरानवरी आणि नवऱ्यामुलाची आत्या. वऱ्हाडाची बस आधीच पुढे गेली होती. आमच्यापुढे मोटरसायकलवर उलटा बसलेला व्हिडिओवाला. तो ओरडला, "काका, हेडलाइट लावा, फ्रेममध्ये भारी दिसेल!" लख्ख उन्हात यांनी दिवे लावले.

भिसे खिंडीत माझं लक्ष गेलं, तर तापमानाचा काटा लाल रेषेवर. मी दाखवला मात्र, यांनी कच्चकन ब्रेक मारला. बॉनेट उघडलं. गुलाबाच्या माळा बाजूला करून हे पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले, जणू आग विझवायची आहे. वाफ नाही, वास नाही, काही नाही.

"थांबू या थोडं. निवू दे," हे म्हणाले.

नवरामुलगाही उतरून शेजारी उभा राहिला. तो मेकॅनिकल इंजिनियर. पदवी घेतल्यापासून तो लॅपटॉपवरच काम करत असल्यामुळे बॉनेटखाली त्याने बहुधा पहिल्यांदाच डोकावलं. "हीट झालीय," असं त्याने गंभीरपणे यांना सांगितलं.

मागून पुतणी म्हणाली, "काका, जरा दिवे बंद करा बघू."

"दिव्यांचा काय संबंध?"

"करा तर खरं."

मीच हात लांबवून बटण दाबलं. तापमानाचा काटा खाली आला, आणि त्याच्याबरोबर पेट्रोलचाही. तिने पुन्हा दिवे लावायला सांगितले. दोघे जोडीने वर. पुन्हा बंद, जोडीने खाली.

"दोन्ही काटे एकदम हलतायत म्हणजे दोघांचं दुखणं एकच. अर्थिंग सैल आहे. स्क्रूड्रायव्हर कुठाय?"

आत्या हबकल्या. "गो पोरी, तू नवरी हायस! ऱ्हाव दे, पुरुषमाणसं बघतील."

"बघतायत की ते, आत्या," पुतणी नम्रपणे म्हणाली.

तिने मुंडावळ्या कानामागे सारल्या, शालूचा पदर माझ्या हातात दिला आणि पुढच्या सीटवर आडवी होऊन डॅशबोर्डखाली शिरली. नवऱ्याला बॅटरीची वायर सोडायला सांगितली. कुठली, हे त्याने दोनदा विचारलं. डॅशबोर्डमागची अर्थिंगची काळी वायर गंजून सैल झाली होती. तिने ती खरवडली, पत्र्याला घट्ट आवळली आणि बाहेर आली. व्हिडिओवाला हे सगळं चित्रित करत होता. रिटेक घेऊ या का, असंही त्याने विचारलं.

बॅटरी जोडली, गाडी चालू केली. तापमानाचा काटा शहाण्यासारखा मधल्या जागी. पेट्रोलचा मात्र थेट तळाला जाऊन पडला.

"बघ! चांगला अर्ध्यावर होता, बिघडवलास," हे म्हणाले.

"काका, तो आता खरं सांगतोय. पेट्रोल संपत आलंय."

"मी ही गाडी ओळखतो," असं म्हणून यांनी गिअर टाकला.

खिंड उतरलो, नागोठण्याकडच्या सपाट रस्त्याला लागलो आणि गाडी दोन गचके देऊन थांबली. मग हे आणि नवरामुलगा उतरले आणि धक्का मारू लागले. स्टिअरिंगवर नवरी बसली. आत्यांनी उतरायला साफ नकार दिला. वरातीच्या गाडीतून मधेच उतरणं त्यांना अशुभ वाटत होतं. पंपावर पोचेपर्यंत जावई घामाने भिजला होता आणि यांच्या फेट्याचं उपरणं झालं होतं.

पेणला उशिराच पोचलो. दारात सासूबाई माप मांडून उभ्या. सुनेचे हात कोपरापर्यंत काळे बघून त्यांचा चेहरा उतरला, तेवढ्यात आत्या पुढे झाल्या. "हिच्यावर रागवायचा नाय हां वयनी! ही नसती तर आमी अजून खिंडीतच असतो. तुझा इंजिनेर नुसता बोनेट धरून हुबा होता." मग कोणीतरी साबण आणला आणि गृहप्रवेश झाला.

यांनी त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं, की दीर्घ निरीक्षणानंतर दोष अर्थिंगमध्ये असल्याचं आपल्याला आढळलं. पुष्कळ अंगठे आले.

परवा पुतणीचा फोन होता. सासरचा पाण्याचा पंप, मिक्सर, आत्यांचं बीपीचं मशीन, सगळं आता तिच्यापुढे येतं. मी विचारलं, कंटाळा नाही का येत? "पंपाचा नाही येत," ती म्हणाली. "पण बीपीचं मशीन बरोबर दाखवतंय, हे आत्यांना कसं सांगू ते कळत नाही. त्या लोणचं सोडायला तयार नाहीत, मशीनच बदल म्हणतात."