फणसापर्यंत

नयना हेर्लेकर नागपूरहून बंगळुरूला आल्या त्या नोकरीसाठी. एका सरकारी कारखान्यात अँटेना तपासायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. हवेतून काय पोचतंय आणि काय वाटेतच विरतंय, हे बघत बसायचं, असं त्या आपल्या कामाबद्दल सांगत. लग्न केलं नाही. येलहंकाच्या जुन्या भागात एक लांबट घर घेतलं. पुढे बैठकीची खोली, मग आणखी दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे परसात फणस.

मोठी बहीण कल्पनाताई नागपूरलाच, मुलाकडे राहत होत्या. त्यांची नजर हळूहळू गेली होती. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच आता कळत होतं. रोज दुपारी जेवणं उरकली की नयनाबाई व्हिडिओ कॉल लावायच्या आणि तो तसाच चालू ठेवायच्या. फारसं बोलणं नसे. लहानपणी दोघी एका सतरंजीवर झोपायच्या. आता फोन उशीला टेकवून त्याच दोघी दोन गावांत शेजारी शेजारी पडून राहायच्या.

एका दुपारी फोन हातात घेऊनच नयनाबाई वाळलेले कपडे काढायला मागच्या दारी गेल्या.

"थांब," ताई म्हणाल्या. "हे टुक टुक काय वाजून राहिलं?"

"तांबट पक्षी आहे गं. फणसावर बसलाय."

"मग तिथंच बस ना. ऐकू दे मला."

नयनाबाई झाडाखाली गेल्या आणि ताईंचं चित्र थिजलं. ओठ अर्धे उघडे राहिले, आवाज तुटला. इंटरनेट बैठकीच्या खोलीत होतं. फायबर कंपनीचा मोडेम आणि त्याला जोडलेला जुना राउटर, असे दोन डबे दोन प्लग अडवून बसले होते, आणि त्यांचा दम स्वयंपाकघरातच संपत होता.

दुसऱ्या दिवशी त्या महांतेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. तो बेळगावकडचा, मराठी चांगलं बोलायचा. त्याने कोळ्यासारखा दिसणारा एक काळा राउटर पुढे केला.

"हा घ्या अक्का. सहा अँटेना. गेमिंगला एकदम फास्ट."

"मला कुठे खेळायचंय? फणसापर्यंत जायचंय."

"फणसापर्यंत?" महांतेश हसला.

"हो. आणि यात फायबरची वायर थेट लागते का? मला दोन डबे नकोत."

"नाही. हा नुसता राउटर. दोन्ही एकात पाहिजे तर हा." त्याने खालच्या फळीवरून एक साधा पांढरा डबा काढला. "पण स्वल्प थांबा. आधी तुमच्या कंपनीला विचारा. त्यांनी याचा नंबर नोंदवल्याशिवाय हा चालणार नाही."

नयनाबाईंनी दुकानातूनच फोन लावला. कंपनीतल्या मुलीने मॉडेल विचारलं, चालेल म्हणाली, नंबर लिहून घेतला.

"सरी अक्का, झालं काम," महांतेश म्हणाला. त्याने फायबरची एक लांब वायरही बांधून दिली.

घरी येऊन त्यांनी ती वायर बैठकीच्या खोलीतून भिंतीच्या कडेने आत सोडली. कोपऱ्यावर मुडपली तर आतली काचेची तार तुटते, म्हणून प्रत्येक वळण सैल ठेवलं. डबा मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर ठेवला. लाल दिवा गेला, हिरवा लुकलुकला, मग स्थिरावला. कंपनीने दिलेलं नाव आणि पासवर्ड भरल्यावर घरात वायफाय आलं.

फोन तळहातावर धरून त्या मागे निघाल्या. मागच्या दाराशीच रेंज गेली. पाण्यात हात घालून प्रवाह कुठून येतो ते चाचपावं, तशा त्या संथपणे खोल्यांतून फिरू लागल्या. कपाटाच्या मागे सगळं कोरडं होतं. लोखंड अडवतंय, हे त्यांना कळायला हवं होतं. स्वतःशीच हसून त्यांनी डबा उचलला आणि स्वयंपाकघराच्या लाकडी फळीवर, खिडकीजवळ नेला. वायर जेमतेम पुरली. मिक्सरचा प्लग त्याला द्यावा लागला.

मग फोनवर त्यांनी वायफायच्या दोन लहरींपैकी संथ लहर निवडली. वेगाची लहर भिंतींपुढे लवकर थकते, संथ लहर लांब जाते. फणसाखाली उभं राहून त्यांनी डोळे मिटले. लहर स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून, खिडकीच्या गजांतून, तुळशीवरून आपल्याकडे येतेय असं वाटलं. अंगाला काहीच जाणवत नव्हतं, तरी त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दुपारी झाडाखाली चटई पडली. तांबट नव्हता. हवाई दलाचं विमान गुरगुरत गेलं, मग पानांची सळसळ उरली. नयनाबाईंनी फोन उताणा ठेवला, कॅमेरा वर झाडाकडे.

मग त्या फोनवर वाकल्या.

"ताई? ऐकू येतंय?"

"उजेड हलून राहिला गं," ताई सावकाश म्हणाल्या. "चमकते, जाते. पुन्हा येते. पानं आहेत का ती?"

"हो. पानंच."

"राहू दे तसंच."

थोड्या वेळाने ताईंचा श्वास लांबला. नयनाबाईही आडव्या झाल्या. मनगटावरून मुंगी चालली होती, ती त्यांनी चालू दिली.

जाग आल्यावर ताई म्हणाल्या, "झोपेत मी तुझ्याकडे आले होते. रस्ता वगैरे काही नव्हता. नुसती आले."

"मग बसायचं होतंस ना."

"बसलेच होते की."

पावसाळ्याआधी नयनाबाईंनी फणसाजवळच्या ओट्यावर पत्रा घालून घेतला, पावसातही दुपारची चटई तिथंच पडावी म्हणून.