साखरबाईचं जातं आणि शास्त्रीबुवांचं ब्रह्मांड

किराणा दुकानातला माल विकला जातो, किस्से मात्र पडून राहतात. त्यांना गिऱ्हाईक नाही, उंदीर खात नाहीत. ढीग वाढतच जातो! निजामाच्या अगदी अखेरच्या वर्षांत लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, माझं दुकान होतं. शाळा मी पाहिली ती बाहेरून. वाचायला शिकलो पुड्या बांधायच्या रद्दीवर, त्यामुळे माझं ज्ञान सगळं फाटकं. पण संध्याकाळी माझ्या ओट्यावर जमणाऱ्या विद्वानांचं ज्ञान अख्खं होतं, आणि तीच त्यांची अडचण होती.

ते तिघं: पुराण सांगणारे शास्त्रीबुवा, शाळेचे हेडमास्तर आणि तहसील कचेरीत दफ्तर सांभाळणारे पेशकारसाहेब. विषय कायम एकच. हे जग केलं कोणी, आणि विश्व केवढं?

समोरच्या कडुलिंबाखाली साखरबाई पाथरवटीण जाती घडवायची. नवरा वारल्यापासून तिचं पोट त्या चार हात जागेवर होतं. तिची छिन्नी वाजली की बुवा ओरडायचे, "अगं ए, इथं ब्रह्मांडाचं चाललंय!"

"चालू द्या की. माझं जातं थांबलंय."

*

बुवांना चौदा लोक तोंडपाठ. कुठला कितव्या मजल्यावर, तिथं राहतं कोण, सगळं! एकदा ते बैलगाडीनं कंधारला पुराण सांगायला निघाले. गाडीवान नवखा. म्हणाला, "बुवा, रस्ता तुमीच सांगा."

बुवांनी सांगितला. तिसऱ्या दिवशी गाडी उदगीरला!

परत आल्यावर मी विचारलं, "बुवा, सत्यलोकाचा रस्ता तरी पक्का ठाऊक आहे ना?"

"तिकडं वाटेत फाटे नसतात!"

*

हैदराबादहून शाळेत पृथ्वीचा गोल आला. हेडमास्तर म्हणाले, "आता जग माझ्या टेबलावर आहे." पण त्या जगात लातूर सापडेना! त्यांनी दौत उघडली आणि स्वतःच्या हातानं ठिपका दिला. ठिपका पसरला.

दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्शन. साहेबांनी गोल फिरवला, थांबवला, चष्मा पुसला. "मास्टरसाब, हमारी रियासत किधर गई?"

हेडमास्तर घाम पुसत म्हणाले, "हुजूर, लातूर के नीचे है!"

*

साखरबाई जात्यांबरोबर अधूनमधून देवही घडवायची. बुवांनी एकदा टोमणा मारला, "मग निर्माती तूच म्हणायची!"

"निर्माती कशाची, बुवा? देवाला दोन दिस लागतात, जात्याला चार."

"असं का गं?"

"जातं नीट दळलं न्हाई तर बाया परत आणून आपटतात. देव घेऊन अजून कोणी परत आलं न्हाई!"

बुवा त्या संध्याकाळी लवकर घरी गेले.

*

मग बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, हुकूम आला: रस्ता रुंद होणार, लिंबाखालची जागा आठ दिवसांत मोकळी करा. साखरबाई पहिल्यांदाच ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"पेशकारसाहेब, बारा वर्षं बसते इथं. एवढं लिहून द्या."

"दफ्तरात तुझं नाव नाही. जे दफ्तरात नाही, ते दुनियेत नाही."

हेडमास्तरांनी समजूत काढली, "बाई, विश्वापुढं आपली पृथ्वी मोहरीएवढी. त्यात तुझे चार हात ते काय!"

"मग तुमची खुर्ची द्या की मास्तर. ती बी मोहरीतच हाय!"

बुवांनी डोळे मिटले. "जागा त्या कर्त्याची. आपलं काय आहे इथं?" हे बोलणाऱ्या माणसाचं शेजाऱ्याशी वीतभर बोळासाठी भांडण चालू होतं!

तिचा अर्ज शेवटी मी लिहिला. पेशकारांनी त्यातल्या अकरा चुका काढल्या आणि परत दिला.

*

आठव्या दिवशी तहसीलदारसाहेब स्वतः जागा बघायला येणार होते. साखरबाई सकाळीच गल्ल्यांतून, गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावायला गेलेली. लिंबाच्या बुंध्याला तिनं अर्धवट घडवलेला मारुती टेकवून ठेवला होता, नुसतं तोंड उमटलेला. जाता जाता कुण्या बाईनं त्याला कुंकू लावलं. दुसरीनं नारळ फोडला. दुपारपर्यंत ही गर्दी!

बुवा ओट्यावरून उडी मारून पोचले. "स्वयंभू! याला कोणी घडवलेलं नाही! जगाच्या आधीपासून हा इथंच आहे!"

हेडमास्तरांनी पायातले बूट काढले. "दगड लाखो वर्षांचा असणार. सायन्स पण तेच सांगतं."

पेशकारांनी मिसलीत, म्हणजे जागेच्या फाइलीत, नोंद केली: 'जगह बहुत पुरानी है. हटाना मुनासिब नहीं.'

तेवढ्यात साखरबाई आली. माझ्या कानाशी फणकारली, "स्वयंभू कशाचा, शेठ? सोमवारपासून माझ्या हाताला फोड आलेत!"

"गप बस, बाई. देव राहिला तर जागा राहील."

तहसीलदारसाहेबांची मोटार थांबली. त्यांनी मारुती पाहिला, मिसल पाहिली, मग साखरबाईकडं वळले. "बाई, ये किसने बनाया?"

साखरबाईनं छिन्नी पदराखाली सारली.

"मला काय ठावं, साहेब? म्या जाती करते. पर ज्यानं केलं, त्यानं नाक जरा वाकडं केलंय. म्हणत असाल तर आत्ता सरळ करून देते!"