पिवळी पट्टी

आमच्या डिपार्टमेंटमध्ये खरं तर किस्से साचायलाच नकोत. आमचं शिक्षणच उलटं! पेशंटजवळ कमी वेळ थांबा, जास्त अंतर ठेवा, मध्ये शिसं ठेवा. हे तीन नियम घोकल्याशिवाय कोणी न्यूक्लिअर मेडिसिनचा टेक्नॉलॉजिस्ट होत नाही. पण किरणांचं इंजेक्शन दिलं की औषध हाडात मुरेपर्यंत पेशंटला दोन-तीन तास बसवून ठेवावं लागतं. आणि बुलढाणा जिल्ह्यातला माणूस तीन तास गप्प बसेल का हो? जमिनीवर आम्ही पिवळी पट्टी रंगवली आहे. पट्टीच्या आत पेशंट, बाहेर नातेवाईक. आतला माणूस आतूनच बोलतो, पण बोलतोच!

आमचा संसार तिघांचा. डॉक्टर मॅडम, मी आणि अटेंडंट गजाननभाऊ. येणाऱ्यांपैकी निम्मे कॅन्सरचे, त्यामुळे हसण्याचे किस्से थोडे. एक आहे, तो माझ्याच फजितीचा. आधी तो सांगून मोकळा होतो.

*

देऊळगाव राजाला पोरगी पाहायला गेलो होतो. पोहे झाले, चहा आला. पोरीच्या मामांनी विचारलं, "पोरगा करते काय?"

आमचे बाबा छाती फुगवून म्हणाले, "अणूचं औषध देते!"

मामांनी बशी खाली ठेवली. "मंग लेकरं व्हतीन का याले?"

भर बैठकीत! मी घाईघाईने समजावलं, की आम्ही छातीवर एक बिल्ला लावतो, अंगाला किती किरणं लागली ते त्यावर कळतं, माझ्या बिल्ल्यावर कधीच काही जास्त आलेलं नाही.

मामा म्हणाले, "पोरगी काय बिल्ल्याले द्याची हाये आमाले?"

सोयरीक तिथंच मोडली. तेव्हापासून कोणी विचारलं की आई सांगते, "आमचा पोरगा हाडाचे फोटो काढते." या फोटोवाल्याला पुढच्याच वर्षी पोरगी मिळाली!

*

संगीताताई आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. डोणगावच्या. थायरॉइड इतकं वाढलेलं, की हातातला पाण्याचा ग्लास हिंदकळायचा. नवरा पुण्याला कंपनीत, म्हणून सोबत सासूबाई. या दुखण्यावर आमच्याकडे आयोडीन पाजतात, किरणांचं. एक घोट, आणि त्याच दिवशी घरी. अट एकच. पंधरा दिवस लहान लेकरू जवळ घ्यायचं नाही.

"पंधरा दिस?" ताईंचा चेहराच उतरला. "माही गुड्डी तीन वर्साची हाये. माह्या पोटावर पाय टाकल्याबिगर झोपत नाही हो ते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन चुकून घेतलं त?"

मॅडम कडक बोलल्या. तसं बोलावंच लागतं. "चुकूनसुद्धा नाही! पोरीच्या गळ्याला बाधेल."

औषध पोटात गेल्यावर मी किरणं मोजायचं मीटर त्यांच्या गळ्यापाशी नेलं. कढईतल्या फुटाण्यांसारखं तडतडायला लागलं. सासूबाईंनी पदराने तोंड झाकलं आणि भिंतीला पाठ लावली.

"माही लहानी लेक गळ्याच्याच बिमारीनं गेली," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "नातीले त मी बोट लावू देनार नाही, साहेब."

मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, चला, नियम पाळणारं माणूस भेटलं.

*

आमच्याकडे एक गाय आहे. म्हणजे शिशाचा एक जड डबा. दर सोमवारी नवीन येतो, आणि रोज सकाळी त्यातून इंजेक्शनचं औषध काढायचं. जगभर या धंद्यातली माणसं त्याला गायच म्हणतात आणि औषध काढण्याला दूध काढणं. शुक्रवारपर्यंत ती आटत जाते.

अमडापूरचा एक दूधवाला त्याच्या मोठ्या भावाला शुक्रवारी दुपारी घेऊन आला. भावाची पाठ इतकी दुखायची, की माणूस बसमध्ये उभ्याने आलेला. एवढ्याशा औषधात फोटो धड आला नसता. गजाननभाऊ सवयीने बोलून गेले, "गाय आटली राजेहो. सोमवारी या."

दूधवाल्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माही गाय आटली त म्या शेजाऱ्याच्या घरून आनून रतीब घालतो. गिऱ्हाइकाले नाही म्हनत नाही."

आमचा शेजारी कोण? दुसरं मशीन पार परजिल्ह्यात!

सोमवारी नवीन गाय आली. दूधवालाही आला, एकटाच. म्हणाला, "दादाचा नंबर दुसऱ्या कोनाले देऊन टाका." एवढंच सांगायला तो अमडापूरहून आला होता.

*

दरम्यान डोणगावहून फोन आला.

"साहेब, मी संगीता. पंधरा दिस झाले. गुड्डीले घेऊ ना आता?"

"अहो, घ्या की ताई! आजपासून खुशाल घ्या."

"मंग तुमी आत्याबाईले सांगा. त्या आयकून नाही राह्यल्या."

फोन सासूबाईंकडे गेला. मी म्हटलं, आजी, आता काही भीती नाही, औषध उतरलं.

"तुमाले काय तथून दिसते का?"

"दिसत नाही आजी, हिशोब असतो त्याचा."

"हे पाहा साहेब. तुमच्या मशीननं तडतड केली ते म्या माह्या कानानं आयकलं. आता ते बंद झाली, हे कोनं आयकलं?"

या बोलण्यात चूक काय काढणार? म्हटलं, "मग घेऊन या त्यांना. तुमच्यासमोर मशीन लावतो."

"येतो," म्हणाल्या. मग सोयाबीन काढायला आलं, मग गहू पेरायचा होता, मग कोणाचं तरी लग्न. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सासूबाईंनीच उचलला आणि म्हणाल्या, "येतो ना बाप्पा, काऊन घाई करता?" नवऱ्याचा नंबर मागितला तर म्हणाल्या, "त्याले काहाले तकलीप देता?"

लांब राहा हे सांगायला आमच्याकडे मॅडम आहेत, मी आहे, भिंतीवर मोठा बोर्ड आहे. जवळ जा हे सांगायला कोणीच नाही. याचा मला अजून राग येतो.

*

लोणारकडचे एक रिटायर्ड मास्तर यायचे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पांढरा सदरा, खिशाला पेन, घरी बुद्धवंदना केल्याशिवाय निघत नसत. त्यांना इंजेक्शन दिलं आणि नेहमीच्या सूचना सुरू केल्या. इथेच बसायचं, कोणाला शिवायचं नाही, संडास वेगळा, पाण्याचा ग्लास वेगळा. गजाननभाऊंनी नेहमीसारखा चहा आणला, पट्टीवरच्या स्टुलावर ठेवला आणि मागे सरकले.

नाना त्या कपाकडे पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "आमच्या आज्याले चहा असाच भेटे. त्याले त कोनतं इंजेक्शनबी नव्हतं देल्लं."

गजाननभाऊंनी कप उचलला, पट्टी ओलांडून आत गेले आणि नानांच्या हातात दिला. तेव्हापासून ते प्रत्येक पेशंटला चहा हातातच देतात. मी एकदा नियमाची आठवण करून दिली. म्हणाले, "बिल्ला भरला त भरला. चहा देऊन मी काही थांबत नाही ना तथी!"

नाना त्यानंतर एकदाच आले. त्यांचा फोटो मीच काढला. हाडाहाडांवर काळे ठिपके होते, म्हणजे कॅन्सर अंगभर पसरलेला.

*

आणि मग वर्षाने संगीताताई आल्या. मॅडमनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं. अंग भरलेलं, हात स्थिर. औषधाने आपलं काम चोख केलं होतं. सोबत सासूबाई, आणि त्यांच्या बोटाला धरून गुड्डी. दोन वेण्या, हातात बिस्किटाचा पुडा.

"आता तरी घेता ना पोरीला जवळ?" मी विचारलं.

सासूबाईच म्हणाल्या, "वट्यावर चुन्याची रेघ ओढली म्या. इकून पोरगी, तिकून तिची माय. काही द्याचं असलं त रेघेवर ठेवाचं आन मांगं व्हाचं. मंग दुसऱ्यानं उचलाचं. पोरगी गुनाची हाये, एक डाव रेघ नाही ओलांडली तिनं!"

वर्षभर! माझं डोकंच फिरलं. मीटर काढलं आणि ताईंच्या गळ्याला लावलं.

शांतता. मध्येच एखादी टिक.

"ते पाहा, वाजलं!" सासूबाई म्हणाल्या.

मी मीटर भिंतीला लावलं. टिक. टेबलाला लावलं. टिक. गजाननभाऊंना लावलं, मग सासूबाईंच्याच गळ्याला लावलं. तसंच, मध्येच एखादी टिक. "एवढं तर सगळीकडेच असतं, आजी. तुमच्यात आहे तेवढंच यांच्यात आहे."

सासूबाईंनी पुन्हा सुनेला लावायला सांगितलं. मान तिरकी करून नीट ऐकलं. मग मटकन खाली बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "माय वो! मंग म्या हे काय करून बसली?"

ताई रडत नव्हत्या. पट्टीच्या आत गुडघ्यावर बसल्या होत्या आणि दोन्ही हात पसरले होते. "ये गुड्डे. ये माह्या बाई."

सासूबाईंनी नातीला पुढे ढकललं. "जाय. जाय मायजवळ. आता काही नाही व्हत."

गुड्डी पळत सुटली. पिवळ्या पट्टीपाशी आली आणि थांबली. पुड्यातून एक बिस्किट काढलं, वाकून नीट पट्टीवर ठेवलं आणि मागे सरकली.

"घे मम्मी," ती म्हणाली. "मी झाली मांगं."