टाकीच्या तळाचं डांबर

रस्त्याच्या डांबराची परीक्षा घेणं हे त्याचं काम. खडी-डांबर मिसळण्याच्या कारखान्यात त्याला सगळे ताणकाका म्हणत, कारण डांबर हाती लागलं की तो ते ताणून बघणारच. उखडलेला रस्ता दिसला की सायकल थांबलीच म्हणून समजा! तुकडा खिशात, खिसा घरी. ऊन-हवा खाऊन डांबर कसं कडक होतं, रबरासारखं पॉलिमर घातलेलं उशिरा का तडकतं आणि शेवटी तेही का थकतं, हे तो जेवताना सांगत बसायचा. बायको म्हणायची, "लोक येताना भाजी आणतात, आमच्याकडे रस्ता येतो."

त्या दिवशी मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. धाकटी बहीण पहिल्यांदाच मुकादम झाली होती. इस्पितळासमोरचा रस्ता अडवून तिची माणसं तयार उभी होती, आणि टाकीतलं डांबर नापास! पाण्यात ताणलेला डांबराचा धागा मधोमध कापला की दोन्ही टोकं आखडून मागे यायला हवीत. ही जागची हलेनात. बहीण धावत कारखान्यात आली.

"दादा, टाकी नाकारलीस तर माझं काम दुसऱ्या टोळीकडे जाईल. थोडं इकडं-तिकडं चालत नाही का?"

"चालतं की! पहिल्या उन्हाळ्यात चाकांच्या खोबणी पडेपर्यंत चालतं."

पण कारखान्याच्या सुट्टीआधी टँकर आला तेव्हा हेच डांबर चांगलं मागे येत होतं. मग मध्ये झालं काय? हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. नमुना होता टाकीच्या तळाच्या नळाचा. तो शिडी चढला, वरून डबा भरून आणला. वरचं डांबर ताणून सोडलं, तर रबरी पट्ट्यासारखं सटकन मागे!

तो तडक बॉयलरवाल्याकडे गेला. "सुट्टीत टाकी ढवळत होतात ना?"

"कशाला? गरम ठेवली होती की! साध्या डांबराला जन्मात कधी पळी लावली नाही आम्ही."

"अहो, हे साधं नव्हे. गरम डांबर निवांत सोडलं की यातलं पॉलिमर सायीसारखं वर जाऊन बसतं."

"मग आधी सांगायचंत! मी काय टाकीत उतरून बघू?"

ढवळणी सुरू झाली. बहिणीच्या येरझारा संपेनात. अखेर वरचा आणि तळाचा असे दोन धागे पाण्यात शेजारी-शेजारी ताणून कापले. दोघं भावंडं त्यांच्यावर अशी वाकली, जणू गळाला मासा लागतोय.

"झालं का?"

"थांब, येतंय... अजून येतंय... आलं!" दोन्ही धागे सारखेच मागे आले होते, हवे तेवढे. "पास! भर गाड्या."

गाड्या भरून निघाल्या. बहीण निघते म्हणून सांगायला आली, तर हा उरलेलं डांबर पातळ थरात ओतून भट्टीत सरकवत होता.

"अरे, पास झालं ना? आता काय राहिलं?"

"तरुणपण बघितलं. सुट्टीभर तापत पडलेलं हे लवकर म्हातारं होतं का, तेही बघतो."

"आणि झालं तर?"

"तर दर उन्हाळ्यात तुझा रस्ता बघायला येईन."

"म्हणजे एरवी येणार नव्हतास?" म्हणत ती गाडीत चढली.