भिंतींचे फोटो

मे महिन्याची दुपार. नांदेडचं ऊन, आणि कूलरच्या घुंईघुंईत पेंगणारं घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, अहमदपूरहून आले होते. फोन माझ्या मांडीवर टाकून म्हणाले, "बाई, जागा संपली म्हणून राहिलाय ह्यो. फोटोच निघंना. कर कायतरी."

मी पलंगावर पडून त्यांचे फोटो पुसायला घेतले. आधी सुप्रभातवाले गुलाब गेले. मग लग्नांमधली अर्धी कापलेली डोकी. आणि मग भिंती लागल्या. भिंतीच भिंती! पिवळ्या, निळसर, पोपडे आलेल्या. माझी मुलगी लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहते. अण्णा दर रविवारी एसटीनं तिचा डबा घेऊन जातात, पण पोरीचा एक फोटो काढतील तर शपथ! नुसती खोलीची भिंत. बोट सरकत होतं, डोळे मिटत होते, आणि भिंती ढगांसारख्या एकामागून एक वाहत होत्या. मला वाटलं, मी लहान आहे, अशाच एका भिंतीकडं तोंड करून निजलेय आणि मागून आईचा हात अंगावर आहे. फार बरं वाटलं. त्याच गुंगीत मी सगळ्या भिंती निवडल्या आणि पुसून टाकल्या.

"झाली बघा जागा. कशाला काढता हो हे? भिंतीची सोयरीक जुळवायचीय का?"

अण्णा हसले नाहीत. चष्मा लावून फोनमध्ये शोधत राहिले. "कोपऱ्यातली बी गेली का गं?" आवाज इतका बारीक झाला की माझी झोपच उडाली.

नशीब, पुसलेलं फोनमध्ये महिनाभर पडून असतं. मी घाईघाईनं सगळं परत आणलं. मग त्यांनी एक फोटो मोठा करून दाखवला. कोपऱ्यात केसाएवढा तडा, आणि तो संपतो तिथं पेन्सिलीची आडवी रेघ. तडा रेघ ओलांडतोय का, ते अण्णा दर रविवारी बघून येत होते.

"न्हाई ओलांडली. मागचा बघ, त्याच्या मागचा बघ. हाय तिथंच हाय. झोपू दे पोरीला तिथं निवांत."

मला रडूच आलं. भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. आई भिंतीखाली गेली, मला अण्णांनी ओढून काढलं, एवढंच मला ठाऊक. त्यावर आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही.

"हे रेघेचं कुठं शिकलात?"

अण्णा कूलरकडं बघत राहिले. "आपल्याच घरात. मोठ्या भूकंपाआधी बारके धक्के बसून राहिले होते ना, तवा तुम्हा मायलेकींच्या उशाकडच्या भिंतीला तडा गेलता. मी कोळशानं रेघ मारली."

"मग?"

"ओलांडली की. दोन बोटं. तुझ्या आईला दाखवलं. म्हणलं, दसरा तोंडावर आलाय, तवा घर सारवताना लिंपून घेऊ."

चष्मा काढून म्हणाले, "ती म्हणली, बरं."