भित्र्या काकांच्या जपानी गोष्टी

माझ्या धाकट्या मावशीच्या यजमानांइतका भित्रा माणूस अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात दुसरा जन्मला नसेल. आम्ही त्यांना काका म्हणत असू. दारात तार आली की ती न फोडताच ते रडायला बसत. गुंजी स्टेशनाच्या पुढे गाडी रानात शिरते म्हणून त्यांनी जन्मात गोवा पाहिला नाही. कचेरीत साहेबाने नुसतं "काय चाललंय?" म्हटलं तरी ते मनात राजीनामा लिहू लागत. आणि मावशी शिंकली, की काढा चुलीवर चढवून चिकोडीच्या वैद्याला बोलावू काय, म्हणून तिचा जीव खात.

अशा माणसाला वेड होतं जपानी गोष्टींचं! बेळगावच्या लष्करी कँपातल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांना नव्या जपानी गोष्टींचं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. रविवारी दुपारी ते आम्हा मंडळींना एकेक गोष्ट मराठीत सांगत आणि मावशी उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत ऐके. एका गोष्टीतला नवरा मरत्या मित्राला त्याची आई सांभाळण्याचा दिलेला शब्द टाकून पळून जातो. त्याची बायको मात्र त्या मित्राच्या आंधळ्या आईला जन्मभर सांभाळते आणि जेवण वाढताना म्हणते, "हे आमच्या ह्यांनीच पाठवलंय." इथे काका धोतराच्या सोग्याने डोळे पुसत.

"केवढी निष्ठा रं ही! मी तर पळालोच असतो."

"ठाऊक हाय," मावशी म्हणे.

पुढे जपानशी लढाई जुंपली आणि काकांची झोप उडाली. शत्रूचं पुस्तक घरात! जाळायला मन होईना, म्हणून ते तांदळाच्या डब्यात गेलं. गोष्टी मात्र थांबल्या नाहीत. फक्त आता ऐकणाऱ्याला देव्हाऱ्यातला यल्लम्माचा भंडारा उचलून गुप्ततेची शपथ घ्यावी लागे. हळदीचा तो भंडारा हातात घेऊन खोटं वागलं तर माणूस दगावतो, ही आमच्याकडची पक्की समजूत. शिवाय भर वैशाखात साऱ्या खिडक्या बंद. आम्ही आत घामाने निथळत असू, आणि नेमका त्या बंद खिडक्यांचाच गल्लीत कुणाला तरी संशय आला. इथे चळवळीची पत्रकं छापतात, अशी वर्दी चौकीवर गेली.

त्या रविवारी दारात बूट वाजले आणि काका न्हाणीघरात जाऊन दडले. फौजदाराने घर उलथंपालथं केलं. पत्रकं नव्हतीच, पण डब्यातून पुस्तक निघालं. काकांची सरकारी नोकरी तर गेलीच, आता तुरुंगही चुकत नाही, असं मला वाटलं.

"कुणाचं हे?"

"माझं," मावशी म्हणाली.

"तुमास्नी इंग्रजी येतंय व्हय, आक्का?"

"न्हाय. चित्रं बघते."

पुस्तकात एकही चित्र नव्हतं. फौजदार आमच्याच मुलखातला. त्याने पुस्तक चाळलं आणि देव्हाऱ्याकडे बोट केलं. "मग उचला भंडारा आन् म्हणा, पुस्तक माझं."

मावशीने पदर सावरला आणि खरोखरच हात पुढे केला. तेवढ्यात न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं. काका लटपटत बाहेर आले. धोतर भिजलेलं, दात वाजताहेत. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"पुस्तक माझं हाय, साहेब. तिला शपथ घालू नका. मला न्या कुठं न्यायचं ते."

"कशाला आलासा भाईर?" मावशी त्यांच्यावरच भडकली. "मी सांगत होते न्हवं?"

फौजदाराने पुस्तक जप्त केलं आणि कचेरीत कळवलं; तुरुंग टळला, नोकरी गेली. निपाणीला तंबाखूच्या एका वखारीत काका शिंकत शिंकत कारकुनी करू लागले. दोघं सुखात होती. पण पुढच्याच थंडीत मावशीला ताप भरला आणि ती गेली.

त्यानंतर मी कधीही निपाणीला गेलो की काका मला चहा देत, माझ्या घरच्यांची चौकशी करत आणि मग हळूच जवळ सरकत. "तू तिथंच हुतास. तिचं बोट भंडाऱ्याला लागलं न्हवतं न्हवं?"

"न्हाय, काका," मी दरवेळी ठासून सांगे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर हायसं उमटे. मला त्यांची फार माया येई. खरं सांगायचं तर तिच्या हाताकडे माझं लक्षच नव्हतं. मी तेव्हा काकांच्या तोंडाकडे बघत होतो.