खाडीकडची वाट

गोमाकाका गेल्याचा फोन वाशीच्या ऑफिसात आला. भाऊ एवढंच म्हणाला, "काका गेले गो. वाटेवरच." कुठल्या वाटेवर, हे मला विचारावं लागलं नाही…

आमच्या बोनकोड्यातून खाडीकडे एक पायवाट जाते. जमिनी सरकारने घेतल्या, भातशेतांत प्लॉट पडले, त्यात ही वाट कुठल्याच नकाशावर आली नाही. गावच्या बायका मात्र ओहोटीला त्याच वाटेने विकायला खुबे-शिंपल्या, चिंबोऱ्या आणायला जायच्या. त्यांत माझी आई होती. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे मी छाती फुगवून सांगते. ती डिग्री खाडीच्या चिखलातून आली, हेही सांगते.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. रबाळ्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि रोज कोयता घेऊन खाडीपर्यंत जायला लागले. झुडपं छाटायची आणि हात हलवत परत यायचं. नाक्यावरची पोरं चिडवायची, "काय गोमादादा, खाडीत सोनं पुरलंय काय?"

"पुरलंय ना. तुझ्या बापाला इचार, त्यानंच खड्डा खनला!"

मी म्हटलं, "काका, वाटेसाठी अर्ज करू या. मी लिहिते."

"लिही. पन वाट चालली नाय तर मरते गो बाय. पावलं दिसली पायजेत."

अर्जाला उत्तर आलं नाही. तारेचं कुंपण आलं. खांबांचे खड्डे खणणारा मुकादम साताऱ्याकडचा होता. "आजोबा, हितं कुठाय वाट?" काकांनी नुसतं खाली बोट दाखवलं. अंगणासारखी घट्ट झालेली माती, तिच्यावर नुकत्याच परतलेल्या बायकांची ओली पावलं. मुकादमाने वाकून एका पावलावर हात टेकवला. मग म्हणाला, "किती सोडू?" काकांनी त्या बायकांमागून येणाऱ्या गावातल्या जनीआत्याला हाक मारली, "जने, पाटी घेऊन हितं हुबी ऱ्हा." डोक्यावर पाटी, ती धरलेला हात, बाहेर आलेलं कोपर… त्या मापाने दोन्ही बाजूंना खांब रोवले गेले. आत्या हसून म्हणाली, "आता मी जाडी झाले तं काय करशील रं?"

पुढे आईचे गुडघे गेले. बाकीच्या घरोघरी धुणीभांडी करायला लागल्या. खाडीवर जाणारी एकटी जनीआत्या उरली. काका चालतच होते. मी एकदा विचारलं, "काका, एकट्या आत्यासाठी एवढं?"

"एकटी हाय म्हनूनच."

त्यांना जाऊन काही आठवडे झाले. मागच्या आठवड्यात गेले तर त्या दोन खांबांमध्ये कोळ्याने जाळं विणलेलं, वाटेत गवत. आत्याला विचारलं. म्हणाली, "पुढं त्याचा कोयता वाजायचा, तवा भ्या नाय वाटायचं. आता कोन हाय तिकडं?"

काकांचा कोयता दारामागे टांगलेला होता. आता ऑफिसला जाण्याआधी मी जाते. साडी तारेला अडकते, हाताला फोड आलेत. परतताना मातीवर माझ्याच चपलांचे ठसे दिसतात, दुसरे नाहीत… काल ओहोटीच्या वेळेला त्या खांबांपाशी उभी राहिले आणि कोयता खांबावर मुद्दाम वाजवला. गावाकडे कान लावून थांबले. कोणी आलं नाही. आज ओहोटी जरा उशिरा आहे. ऑफिसला लेट मार्क लागेल.

लागू दे.